पोपटनानांचं डिसेंबरातलं झाड

कोपरच्या 'खाडीदर्शन' सोसायटीतून खाडी दिसत नाही. पूर्वी गच्चीवरून दिसायची. मग समोर 'सागरदर्शन' नावाची इमारत उभी राहिली आणि तिने खाडी झाकली. सागरदर्शनमधून काय दिसतं म्हणाल, तर खाडीदर्शनच्या वाळत घातलेल्या चादरी. मात्र इथे पूर्वी काय काय दिसायचं हे सांगायला पहिल्या मजल्यावर एक माणूस कायम हजर असतो. पोपट महादू केणे. लहानथोर सगळे त्यांना नाना म्हणतात.

सोसायटी उभी आहे ती नानांच्या शेतावर. बिल्डरने मोबदल्यात फ्लॅट दिले, गाळे दिले, नानांनी ते घेतले. पण आपण शेत दिलं असं मात्र त्यांना मनातून कधी वाटलेलं नाही. त्यांच्या डोक्यात दोन नकाशे एकावर एक ठेवलेले आहेत, आणि खालचा जास्त ठळक आहे. चौथ्या मजल्यावरची हेमा ही त्यांच्या लेखी 'भेंडीच्या वाफ्यावरची पोर', कारण तिची स्कूटी जिथे लागते तिथे एके काळी भेंडी लागायची. लिफ्ट बंद पडली की सगळे कंपनीच्या माणसाला फोन करतात, नाना शांतपणे सांगतात, "तिथं आमची बाव होती. तिचा पानीपन असाच, कवा वर यायचा, कवा नाय." विहिरीचा स्वभाव लिफ्टमध्ये उतरला याचं त्यांना मनापासून कौतुक आहे.

नाना आगरी. त्यांच्या तोंडी झाडाचं 'झार' होतं, होळीची 'होली' आणि 'घरात'चं 'घरान', एवढं ध्यानात घेतलं की पुढे अडत नाही. शाळा सातवीपर्यंत, मग भातशेती, मग डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात नोकरी. त्या काळात नवरा आज घरी निळा येणार की पिवळा, हे आवडाबाईंना संध्याकाळपर्यंत कळायचं नाही. आता निवृत्ती. सकाळी गावदेवीच्या पाया पडणं, दुपारी झोप, संध्याकाळी पांढरी टोपी घालून गेटवर खुर्ची. गळ्यात सोन्याची साखळी, आवाज असा की गेटवर बोलले तर गच्चीवर वाळत घातलेले पापड हलावेत.

पण हे सगळं वरवरचं. नानांच्या आयुष्यातली खरी कामगिरी कुणी विचारली तर ते नोकरी सांगत नाहीत, फ्लॅट सांगत नाहीत. ते म्हणतात, "मी गावची होली आनायचो."

गावची होळी आणणं म्हणजे काय, हे फ्लॅटमधल्यांना कळायला जरा वेळ लागतो. इथे होळी म्हणजे लाकडांचा ढीग नव्हे. होळी म्हणजे उभं झाड. फाल्गुनात नाना बांधाबांधाने हिंडून एक सावर, म्हणजे काटेसावर, हेरायचे. सरळ, उंच, न कुरकुरणारी. तिला नारळ द्यायचा, कुंकू लावायचं, "तुला नेतंय, राग मानू नको" असं सांगायचं आणि मगच हात लावायचा. मग माणसांच्या खांद्यावरून, बँजोच्या तालावर, झाड गावात. वाटेत जमिनीला टेकवायचं नाही. मैदानात उभं केलं की त्याला झेंडूच्या माळा, पताका, फुगे, शेंड्याला नारळ. ते सजलेलं झाड बघून एकदा मुंबईहून आलेला पाहुणा म्हणालेला, "अरे, हे तर ख्रिसमस ट्री!" नानांनी तेव्हा त्याला दोन दिवस पाणी विचारलं नव्हतं.

मग होळीच्या मैदानातून रस्ता गेला. काँक्रीटचा, पक्का. काँक्रीटमध्ये झाड पुरायला खड्डा खणायचा कसा? पुढे त्या रस्त्याला आपोआप खड्डे पडले, पुष्कळ पडले, पण होळीच्या जागी एक पडेल तर शपथ. चार वर्षं झाली, गावाची होळी वखारीतल्या फळकुटांवर भागते. नाना तिथे जातात, हात जोडतात आणि लवकर घरी येतात. आवडाबाई त्या दिवशी पुरणपोळीवर तूप जरा जास्तच वाढतात आणि काही बोलत नाहीत. त्या काही बोलत नाहीत हे नवल, म्हणून सांगितलं.

सोसायटीच्या मागच्या बाजूला, पंपाच्या खोलीपलीकडे, अजून मातीची मोकळी जागा आहे. नानांच्या खालच्या नकाशात ती मुगाची जागा. तिथे होळी उभी करू द्या, असं नानांनी मागच्या वर्षी सभेत विचारलं आणि सेक्रेटरींनी नाही म्हटलं.

सेक्रेटरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे सुधीर पाष्टे. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, कंबरेला पट्टा, बोलणं छापल्यासारखं. मूळचे गुहागरकडचे, पण गावचा विषय काढला की "जाणं होत नाही हो" एवढं बोलून चष्मा पुसतात. माणूस वाईट नाही. फक्त नियमाच्या बाहेर पाऊल पडलं तर तो पाय परत आत घेऊन पुसून ठेवणारा.

"नाना, आपल्या आवारात धार्मिक कार्यक्रम नकोत," पाष्टे म्हणाले होते. "एकाला दिलं की दुसरा मागणार."

"मंग गनपती?"

"हॉलमधला गणपती सांस्कृतिक आहे."

नाना त्यावर पुष्कळ दिवस विचार करत होते. गणपती सांस्कृतिक आणि होळी धार्मिक, हे देवाला तरी माहीत असेल का?

आणि मग डिसेंबर आला, आणि भेंडीच्या वाफ्यावरच्या पोरीने अर्ज केला: मुलांसाठी लॉबीमध्ये ख्रिसमस ट्री लावायचं आहे.

सभा रविवारी सकाळी हॉलमध्ये भरली. एरवी पाण्याच्या टाकीच्या सफाईवर सभा असली की खुर्च्या रिकाम्या असतात; त्या दिवशी दोन माणसं जिन्यात उभी होती. पाष्टे उठले. "प्रश्न एका झाडाचा नाही, तत्त्वाचा आहे. ख्रिसमस ट्री हे धार्मिक प्रतीक आहे की नुसती प्रथा, याचा आधी निर्णय व्हावा."

"काका, धार्मिक कसलं त्यात?" हेमा म्हणाली. "माझ्या ऑफिसात आहे, माझ्या मुलाच्या, आर्यनच्या शाळेत आहे, माजिवड्याच्या मॉलमध्ये तर दोन मजली आहे. त्याच्याखाली चपलांचा सेल लागलाय."

"त्याच मॉलमध्ये भाद्रपदात गणपतीही असतो. त्याच्याही बाजूला सेल असतो. म्हणून गणपती धार्मिक नाही म्हणायचं का?"

"पण तुम्हीच तर म्हणालेलात, गणपती सांस्कृतिक आहे म्हणून!"

हॉलमध्ये हशा झाला. पाष्ट्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "शेंड्यावर तारा असतो," ते जरा मऊ आवाजात म्हणाले. "तो तारा धार्मिक आहे."

"मग तारा काढू. वर आर्यनचं विमान लावू."

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, चहा सांगू का? तेवढ्यात नाना उभे राहिले. नानांनी उभ्या आयुष्यात नाताळचा विचार केलेला नव्हता. केक त्यांना आवडत नाही, आणि लाल कपड्यांतला तो दाढीवाला त्यांना कुठल्याशा बँडचा मास्तर वाटतो. पण गेले आठ दिवस ते या झाडासाठी दारोदार हिंडून लोकांना सभेला या म्हणून सांगत होते. सोसायटीत त्यांच्याएवढा ख्रिसमस ट्रीचा कैवारी दुसरा नव्हता.

"मी बोलतंय," नाना म्हणाले आणि पंखा जरा हळू झाल्यासारखा वाटला. "झार म्हंजे परंपरा. लोकांनी झार आनायचा, सजवायचा, उभा करायचा, पोरांनी भोवती नाचायचा. यान धरम कुठं आला? आनी मी काय फक्त डिसेंबरचा बोलत नाय. कंचा पन महिना घ्या. आता समजा... फागुन."

पुन्हा हशा. आवडाबाई बायकांच्या रांगेतून म्हणाल्या, "ह्यांना येशू नको नि केक नको. ह्यांना होली पायजे."

"नाना, विषयाला धरून बोला," पाष्टे म्हणाले.

"विषय झार हाय ना? मी झारालाच धरून हाय."

नाना काय करताहेत हे सगळ्यांना कळत होतं. डिसेंबरातलं झाड ही प्रथा ठरली, तर फाल्गुनातलं झाड धार्मिक कसं ठरणार? आणि डिसेंबरातलं धार्मिक ठरलं, तर नानांच्या मुगाच्या जागेवर होळी या जन्मी तरी उभी राहत नाही. पाष्ट्यांनाही ते कळत होतं, म्हणूनच ते एवढे हटून बसले होते.

शेवटी कुणाला तरी सुचलं की अरे, आपल्यात एक खरं ख्रिस्ती माणूस आहे, त्याला तर विचारा. सगळ्या माना तळमजल्यावरच्या फिलूबायकडे वळल्या. फिलोमिना परेरा मूळच्या ठाण्यातल्या, जुन्या ईस्ट इंडियन घरातल्या. त्यांची बोली नानांच्या बोलीला इतकी जवळची की नवीन भाडेकरूंना ही दोघं भावंडं वाटतात. त्या दर नाताळात सगळ्या मजल्यांवर नेवऱ्या आणि कलकलचा गोड फराळ पाठवतात आणि सभेत कधी बोलत नाहीत.

"मना कनाला इचारता?" फिलूबाय म्हणाल्या. "आमचे घरान झार नव्हताच. गोठा असायचा. बापूस पेंढा आनायचा, आय मातीची गायबैला करायची, दारान कागदाची चांदनी. तो गोठा म्हंजे आमचा देव. झाराचा हट्ट माझे पोरांनी केला. त्यांनी कुठं बगितला? तं नाक्यावरच्या गिफ्टच्या दुकानान. आता तुमाला धरम इचारायचाच हाय तं त्या दुकानवाल्याला इचारा."

"म्हणजे हे धार्मिक नाही, असं तुमचं मत?" पाष्ट्यांनी पेन सरसावलं.

"मी तसा नाय बोलले. माजी सून झाराखाली गुडघ्यावर बसून प्रार्थना करते, तिचे झाराला मी कशी नाय बोलू? ज्यानं हात जोडला त्याचा देव, ज्यानं फुगा लावला त्याचा खेल. झार ठेवा नाय तं नको ठेवा, माजा बाल येशू गोठ्यान येनार तो येनार. पन पोरांना नाय बोलू नका. ती रडाया लागली का मना दुपारची झोप लागत नाय."

हे एवढं बोलून त्या बसल्या, आणि सभेने दुपारच्या झोपेचा मुद्दा ग्राह्य धरला. हात वर झाले. झाड ही प्रथा आहे, असं ठरलं. पाष्ट्यांनी हार मानली, पण सरळ मानतील तर ते पाष्टे कसले. त्यांनी एक अट घातली.

"प्रथा म्हणता ना? मग प्रथाच राहू द्या. पूजा नाही, आरती नाही, कुठलाही विधी नाही. तसं काही आढळलं तर झाड त्याच दिवशी खाली उतरेल आणि यापुढे कुठल्याही झाडाचा विषय सभेपुढे येणार नाही." मग नानांकडे बघून ते म्हणाले, "आणि हे सगळं नीट पार पडलं, तर फाल्गुनाचं काय ते आपण पुन्हा बघू."

नानांनी छातीवर हात ठेवला. "माज्यावर सोरा," ते म्हणाले. झाड आणायची जबाबदारी त्यांनी तिथल्या तिथे अंगावर घेतली.

घरी गेल्यावर आवडाबाई म्हणाल्या, "तुमाला जमनार नाय."

"काय जमनार नाय?"

"गप बसाया."

नाताळाच्या आदल्या रविवारी संध्याकाळी नाना निघाले तेव्हा आवडाबाईंनी त्यांना दारात अडवलं आणि खिसे तपासले. कुंकवाची पुडी निघाली. कापूर निघाला. एक सुपारी निघाली. "आनी काय हाय?" त्यांनी विचारलं.

"टोपी हाय."

"ती ऱ्हाऊ दे."

झाड गेटवर येऊन पडलं होतं, आणि ते खोक्यात होतं. नानांनी खोक्याभोवती एक चक्कर मारली. "आरं, झार कंदी खोक्यान येतं?" त्यांनी हेमाला विचारलं.

"नाना, तीन तुकडे आहेत. एकात एक खोचायचे. लॉबीतच जोडू या, पाच मिनिटांत होईल."

"लॉबीन?" नानांच्या आवाजाने गेटवरचं मांजर उठलं. "झार घरातल्या घरान उगवतं का? झार बाहेरून यायला पायजे. वाजत यायला पायजे. पोरांना काय सांगशील, झार लिफ्टमदून आला?"

हेमाच्या लक्षात आलं की हे खरंच आहे. लॉबीत मंडपवाल्यासारखं झाड जोडताना मुलांना काय मजा येणार? मग खोकं गेटबाहेर, गावदेवीच्या देवळासमोरच्या पारावर गेलं आणि तिथे झाड जोडलं गेलं. दहा फुटी, हिरवंगार, मधे लोखंडी दांडा, शेंड्याला आर्यनचं विमान. नानांनी त्याच्या पानांना हात लावला, नाकाशी नेला. "वास नाय, चीक नाय, एक मुंगी नाय," ते खिन्नपणे म्हणाले. "पन उभा सरल हाय. तेवडा मानला."

तोवर बँजो आला. गावातल्या संदेशचं पथक. नानांनी त्याला सक्त सांगून ठेवलं होतं की नुसती गाणी. संदेशने बँजोचा पट्टा गळ्यात अडकवला आणि पिशवीतून नारळ काढला.

"नारल-बिरल नाय," नाना घाईघाईने म्हणाले. "सेक्युलर हाय."

"अहो नाना, झाड सेक्युलर असू दे. पण आम्ही गावदेवीसमोर उभे आहोत ना? तिला दिल्याशिवाय आमचं पहिलं गाणं वाजत नाही. मागे एकदा असाच गेलेलो, तर ताशाचं कातडं फाटलेलं."

नानांनी तोंड खाडीच्या दिशेला वळवलं. "मंग तुजा तू फोर. मी बगत नाय."

"मी? तुम्ही असताना?" संदेश म्हणाला, आणि त्याने नारळ दोन्ही हातांनी नानांपुढे धरला.

आता इथे नानांची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. चार वर्षांत कुणी त्यांच्यापुढे असा नारळ धरला नव्हता. शिवाय तो नारळ गावदेवीचा होता, झाडाचा नव्हता; अट झाडाची होती, देवीची नव्हती. इतका विचार करून, अगदी कायद्यात राहून, नानांनी नारळ देवळाच्या पायरीवर फोडला आणि बँजोने सूर धरला. इथवर सगळं ठीक होतं.

पण हाताला सवयी असतात. एका हातात खोबऱ्याची वाटी होती, तिच्यात पाणी होतं. ते पाणी त्या हाताने परस्पर झाडाच्या बुंध्यावर शिंपडलं. दुसऱ्या हाताने पायरीवरच्या कुंकवात बोट बुडवलं आणि लोखंडी दांड्यावर टेकवलं. आणि तोंड, ज्याच्याबद्दल आवडाबाईंनी आधीच बजावलं होतं, ते म्हणालं, "बाबा, तुला नेतंय. राग मानू नको. पोरांसाठी नेतंय."

बँजो थांबला. झाडाने, प्लॅस्टिकचं असल्यामुळे, राग मानला की नाही ते कळलं नाही.

"नाना..." हेमा हळूच म्हणाली.

नानांनी आपल्या बोटाकडे बघितलं. ते लाल होतं. त्यांनी ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं लांब धरलं. मग हळूहळू त्यांची मान वर गेली, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीकडे. तिथे पाष्टे चहाचा कप घेऊन उभे होते. नानांनी बघितलं तोवर कप कठड्यावर होता आणि पाष्टे नव्हते.

"येतंय तो," नाना म्हणाले. त्यांचा पापड हलवणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "उचला रं झार. तो यायच्या आदी लॉबीन नेऊ. पोरांना एकदा उभा तरी दिसू दे."

लिफ्ट बंद होती. विहीर त्या दिवशी पहिल्यांदाच आपल्या मालकाच्या कामाला आली. पाष्टे कंबरेचा पट्टा सावरत तीन मजले जिन्याने उतरत होते, आणि इकडे झाड खांद्यावर चढलं. वजन कुरमुऱ्याच्या पोत्याएवढं, पण त्याच्याखाली जमेल तेवढे खांदे घुसले होते; गावातल्या ज्या माणसांनी पूर्वी नानांबरोबर सावर वाहिली होती तीही बँजो ऐकून घरातून निघून आली होती. संदेशने पुन्हा वाजवायला घेतलं, मुलं पुढे नाचायला लागली, आणि झाड गेटमधून आत आलं, पुढेमागे डुलत, अगदी पूर्वी गावात यायचं तसं. नाना क्षणभर विसरले की आपण हरलो आहोत. हात वर करून ते ओरडले, "धरा बरोबर! टेकवू नका!"

समोरून पाष्टे आले. हातात मोबाइल, फोटो काढायच्या तयारीत, तोंडात वाक्य तयार. "थांबा!" ते म्हणाले. "मी स्वतः वरून पाहिलं आहे. नारळ, कुंकू, सगळं—"

थांबा म्हटल्यावर पुढचे थांबले. मागच्यांना बँजोमुळे ऐकू आलं नाही, ते चालत राहिले. तीन तुकडे एकात एक खोचलेलं झाड मधून वाकलं आणि त्याचा वरचा तुकडा, आर्यनच्या विमानासकट, निसटून खाली यायला लागला.

"अरे टेकेल! टेकेल ते!" कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं.

ओरडले होते पाष्टे. मोबाइल त्यांनी हेमाच्या हातात कोंबला, कंबर विसरून वाकले, आणि शेंडा जमिनीपासून वीतभर असताना त्याच्याखाली खांदा घातला. मग सरळ झाले. चष्मा एका कानावर लोंबत होता, नाकात प्लॅस्टिकची पानं होती. "बघताय काय?" ते आजूबाजूच्यांवर खेकसले. "उभं करेपर्यंत जमिनीला लागता कामा नये, एवढंसुद्धा कळत नाही? डावीकडून घ्या! डावीकडून!"

आणि मग झाड पुन्हा हललं, बँजो पुन्हा वाजला, आणि पाष्ट्यांच्या घशातून एक लांब आरोळी निघाली. "होऽऽळयेऽऽ—"

गुहागरकडे शिमग्याचं झाड खांद्यावर असलं की चांगली सभ्य माणसंही आरोळ्या ठोकतात. त्यांना फाका म्हणतात. फाकेचा पहिला शब्द ठीक असतो. पुढचे शब्द असे असतात की ते फक्त झाडाखाली आणि फक्त त्या दिवशी चालतात. पाष्ट्यांना पहिल्या शब्दानंतर वर गॅलरीत उभी असलेली बायको दिसली. बाकीचे शब्द त्यांनी गिळले. पण ते काय असणार हे खांदा दिलेल्या प्रत्येक पुरुषाला कळलं, आणि अख्खी सोसायटी हसत हसत लॉबीत शिरली.

झाड उभं राहिलं. तीन तुकडे पुन्हा खोचले, ते पाष्ट्यांनी स्वतः तपासले. हेमाने दिव्यांच्या माळा लावल्या, मुलांनी चमकते चेंडू लटकवले, आवडाबाईंनी घरातून झेंडूची एक माळ आणली आणि कुणी काही म्हणायच्या आत झाडाला घालून मोकळ्या झाल्या. "नुसताच हिरवा बरा दिसत नाय," त्या म्हणाल्या. फिलूबायने ताटभर नेवऱ्या आणल्या. संदेशने त्याच ताटात फोडलेल्या नारळाचे तुकडे टाकले. ताट फिरलं. कुणी नेवरी घेतली, कुणी खोबरं, बहुतेकांनी दोन्ही. खोबरं घेताना काहींचा हात सवयीने कपाळाला गेला, काहींचा नाही. आर्यनने विचारलं, "हे खोबरं कोणाचं आहे?" फिलूबाय म्हणाल्या, "गोड हाय ना? मंग खा."

गर्दी जरा पांगली तेव्हा नाना पाष्ट्यांसमोर जाऊन उभे राहिले. टोपी काढून त्यांनी हातात धरली होती.

"पाष्टेसाहेब, नारल मीच फोरला," ते म्हणाले. "कुंकूपन मीच लावला. संदेशचा दोष नाय, त्या पोरीचा तं नायच. तुमची अट होती, ती मी मोरली. झार काढायचा असंल तं आजची रात ऱ्हाऊ द्या, पोरं बगतायत. सकाली मी माज्या हातान उतरवतंय. नि फागुनचा... तो मी आता काय बोलत नाय."

पाष्ट्यांच्या तोंडात खोबऱ्याचा मोठा तुकडा होता. त्यांनी तो सावकाश चावला, गिळला, खांद्यावर अडकलेलं एक प्लॅस्टिकचं पान काढून खिशात ठेवलं. चष्मा पुसायला घेतला. पुष्कळ वेळ पुसला.

"तेवीस वर्षं झाली," ते म्हणाले. "नोकरी, मुलांच्या परीक्षा, मग ही कंबर. जाणंच झालं नाही हो." मग चष्मा घालून त्यांनी नानांकडे बघितलं. "फाल्गुनात तुम्ही कुठलं झाड आणता?"

नानांना प्रश्न कळायला क्षणभर वेळ लागला. टोपी आपोआप डोक्यावर गेली.

"सावर," ते म्हणाले.

"सावर?" पाष्ट्यांचा चेहरा आंबट झाला. "सावर काय आणता? होळीला पोफळ लागते. आमच्याकडे कायम पोफळ."

"पोफल?" आवाज परतला होता, गच्चीवर पापड असते तर हलले असते. "पोफल काय झार हाय? बांबूची बहीन ती! तिला ना फांदी, ना छाया. माला कुठं बांधनार, तिच्या डोस्क्याला?"

"नाना, तोंड सांभाळा. सरळपणा बघा पोफळीचा! तुमच्या सावरीला नुसते काटे."

"म्हनून तर ती होली! काट्याबिगर होली म्हंजे केलीचा खुंट!"

"हा प्रश्न सभेपुढे ठेवला पाहिजे," पाष्टे म्हणाले.

"ठेवा की! मी बोलतंय सभेन!"

आवडाबाई रिकामं ताट घेऊन तिथून चालल्या होत्या. त्या दोघांना ओलांडून पुढे गेल्या, मग मागे वळल्या. "दोगंपन इथंच उभी ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "फागुन येईस्तवर दोगांनाच माला घालतंय."

ते दोघं मात्र तोवर लॉबीतून बाहेर पडून मागच्या बाजूला, पंपाच्या खोलीपलीकडे चालले होते. खड्डा किती खोल हवा यावरही त्यांचं एकमत होत नव्हतं.